कडेवरचं नाव

महाड तालुक्यातल्या फौजी आंबवड्यात इंग्रजी अमदानीतला एक स्मृतिलेख आहे. १९१४ ते १९१९च्या महायुद्धात या गावातून १११ जण गेले, त्यांतले ६ जण कामी आले, एवढंच तो सांगतो. मागे राहिलेल्या आईबापांनी ती वर्षं कशी काढली, ते दगडावर मावणारं नव्हतंच.

पोलादपूरजवळच्या उमरठचे तानाजी मालुसरे मुलाचं लग्न टाकून कोंढाण्यावर गेले, ते आपल्याला तोंडपाठ आहे. तिथे बाप लढायला गेला होता. आंबवड्यात पोरं गेली आणि म्हातारे मागे राहिले. शिवाय कोंढाणा निदान सह्याद्रीतच होता. महायुद्धात पलटणी जिथे गेल्या तो मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, कुठल्या दिशेला, ते कुणाला विचारणार? तिथे कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या. धान्य संपत आलं, घोडे कापून खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ला फौज शरण गेली आणि वाचलेल्यांच्या नशिबी तुर्कांची कैद आली.

पलटणीत असा धोका असला तरी महायुद्धाच्या आधीपासून मुलांना पलटणीत घ्या म्हणून सरकारदरबारी दाद मागणारे बाप याच मुलखातले. महारांची भरती बंद झाली तेव्हा महाडजवळच्या रावढळचे लष्करी पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पोरगा पलटणीत म्हणजे घरी मनीऑर्डर, पुढे पेन्शन आणि गावात ताठ मान. जिवाची धास्ती होतीच, पण ती चुलीला परवडत नव्हती.

महायुद्धात पडलेल्यांच्या घरी सरकारने काशाची वाटोळी चकती पाठवली, तळहाताहून थोडी मोठी. तिच्यावर मुलाचं नाव, इंग्रजीत. किती आयांना ते वाचता आलं असेल? मेसोपोटेमियात पडलेल्यांच्या बसऱ्यातल्या स्मारकावर तर हिंदी सैन्यातल्या फक्त अंमलदारांची नावं कोरली. साध्या शिपायांची पलटणीगणिक नुसती संख्या.

त्या शिपायाचं नाव घरातल्या पदकावर मात्र सापडतं. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठसवलेली असते. महाड-पोलादपूरकडे कुणाच्या माळ्यावर असं पदक असेल, तर सराफाकडे मोडीत घालण्याआधी ती कड भिंगाखाली वाचा आणि नाव वहीत उतरवून ठेवा. शेजारी त्याच्या आईबापांचीही नावं लिहा. ती पदकावर नसतात.