मेथीपासून वालापर्यंत

दिवाळी आटोपली की भाजी लावायला घ्यावी. पाऊस गेलेला असतो, ऑक्टोबरचं ऊन उतरणीला लागलेलं असतं आणि पालेभाज्यांना मानवणारा गारवा पुढे दोन-तीन महिने मिळतो. ज्यांनी आजवर तुळशीपलीकडे काही लावलेलं नाही त्यांनी पहिल्यांदा मेथीच पेरावी, असा माझा आग्रह आहे. बी स्वयंपाकघरात असतंच. मूठभर मेथ्या रात्री भिजत घालायच्या, सकाळी मातीत बोटाने रेघा ओढून त्यांत टाकायच्या आणि वरून पातळ माती भुरभुरवायची. तीन-चार दिवसांत कोंब वर येतात आणि महिन्याभरात भाजी काढायला येते. कोथिंबिरीचं काम सावकाशीचं. एका धन्यात दोन बिया असतात, म्हणून धने लाटण्याने हलके रगडून, त्यांच्या फाका करून पेरतात. तरी आठ-दहा दिवस धीर धरावा लागतो. मुळा, पालक आणि गोव्याच्या ताटात हवीच असते ती तांबडी भाजीही आता पेरता येते.

जागा निवडताना आधी ऊन पाहावं. पालेभाजीला चार तास पुरतात, टोमॅटो-वांग्याला मात्र सहा तास तरी हवेत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत या दिवसांत ऊन आतपर्यंत येतं. उत्तरेच्या गॅलरीत फळभाज्यांचा हट्ट धरू नये. तिथे अळू आणि पुदिना लावावा. गच्ची असेल तर ओझ्याचा विचार आधी करा. एक चौरस मीटरच्या वाफ्यात वीतभर ओली माती भरली, तर तिचं वजन तीनशे किलोंच्या पुढे जातं. जुन्या इमारतीच्या स्लॅबवर असे वाफे इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नयेत.

म्हणूनच गच्चीवर नुसती माती भरण्यापेक्षा पालापाचोळा, उसाचं चिपाड आणि कंपोस्ट यांवर भर द्यावा. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ च्या सुमारास प्रीती पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशीच बाग उभी केली. खाली रोज निघणारा ओला कचरा वर नेऊन त्याचंच खत केलं आणि त्यात भाज्या, फळझाडं वाढवली. घरच्या कुंडीलाही हेच लागू पडतं. भोकं पाडलेल्या बादलीत भाजीची देठं, साली, चहाचा चोथा टाकायचा आणि दर वेळी वर दुप्पट सुका पाला पसरायचा. बादलीला वास आला, तर ओलं जास्त आणि कोरडं कमी पडलंय असं समजावं, आणि आणखी पाला घालून ढवळावं. दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत होतं आणि पावसाने भिजलेल्या मातीचा वास त्याला येतो. कोकणातल्या परसात मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळी पोसली जात. आजचं साबणाचं पाणी झाडांना नको, पण तांदूळ-डाळी धुतलेलं पाणी सिंकमध्ये ओतून देणं मला फार जिवावर येतं.

वेलभाज्यांपाशी नवशिके हमखास अडतात. दुधीला फुलं भरपूर येतात, पण दुधी काही धरत नाही. फुलाखाली पाहा: मादी फुलाच्या देठाशी बोटाएवढा लव असलेला इवला दुधी आधीच दिसतो, नर फुलाचा देठ नुसताच असतो. परागकण या फुलातून त्या फुलात गेले नाहीत, तर तो इवला दुधी पिवळा पडून गळतो. उंच मजल्यावर कीटक कमी येतात, तेव्हा हे काम आपण करायचं. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, तांबड्या भोपळ्याचं पहाटे. त्या त्या वेळी नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. मावा पडला, तर लिटरभर पाण्यात पाच मिलि निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून उन्हं कलल्यावर पानांच्या खालून फवारावं. मात्र फुलांवर ते उडू देऊ नये.

पहिला हंगाम निभावला की बी राखायला लागा. बागेचं हे काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी स्वतःच्या घरापासून गावरान बियाण्यांची बँक उभी केली. बाएफ संस्थेची त्यांना साथ मिळाली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वालाचे किती वाण आपल्याकडे होते हे त्यांच्या संग्रहाने शहरातल्या लोकांनाही दाखवलं.

आपण सुरुवात वालापासूनच करावी. निरोगी वेलावरच्या चार-सहा शेंगा न तोडता वेलावरच वाळू द्याव्यात. दाणे खडखडू लागले की सोलून, उन्हात सुकवून, चाळलेली राख लावून बरणीत ठेवावेत. टोमॅटोचा गर दोन दिवस आंबवून बी धुवावं. वांगं पिवळं पडेपर्यंत झाडावर राखावं. मूळ बी हायब्रीडचं असेल, तर पुढचं झाड तसंच येईल याची खात्री नसते, म्हणून शेजारीपाजारी, गावी, आठवडी बाजारातल्या म्हाताऱ्या भाजीवालीकडे गावरान बी मागून पाहावं. बरणीवर वाणाचं नाव, गाव आणि साल लिहून ठेवावं आणि निम्मं बी दुसऱ्या कुणाला द्यावं: एखाद्या वर्षी आपला वेल गेला, तर तिथून परत मागता येतं.