बीडहून पहिल्यांदा मुंबईला जाताना

मुंबई हे लांबट शहर आहे. दक्षिणेला कुलाब्यापासून उत्तरेला दहिसरपर्यंत ते समुद्राच्या कडेने पसरले आहे. पूर्व-पश्चिम रुंदी त्या मानाने फार थोडी. चर्चगेट ते बोरिवली हे लोकलचे अंतर 34 किलोमीटर, म्हणजे जवळपास बीड ते गेवराई, आणि मध्ये रान असे लागतच नाही. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या बीड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 26 लाख होती, मुंबईची सव्वा कोटीच्या घरात. पहिल्या फेरीचा बेत फसतो तो बहुधा ही लांबी ध्यानात न घेतल्यामुळे. सकाळी जुहू, दुपारी राणीची बाग, संध्याकाळी गेटवे असे ठरते आणि निम्मा दिवस गाड्या बदलण्यात जातो. दिवसाला एकच टोक धरावे.

म्हणून आधी काम ठरवावे, मग मुक्काम. मंत्रालयात काम असेल तर दक्षिण टोकाला किंवा निदान दादरपर्यंत राहणे बरे. नातलग कल्याणला किंवा विरारला असले तरी रोज तिथून ये-जा करणे नवख्या माणसाला झेपत नाही. बीड जिल्ह्यातून अनेकांची पहिली मुंबई दवाखान्यामुळे घडते. 1941 साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आणि 1926 चे केईएम, दोन्ही परळला हाकेच्या अंतरावर आहेत. रुग्णासोबत आलेल्यांना लॉज परवडत नाही. त्यांच्यासाठी दादर पूर्वेला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आणि परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. तिथे जागा मोजकी असते, त्यामुळे निघण्यापूर्वी फोनवर चौकशी हवीच. आधारकार्ड, रेशनकार्ड आणि आधीच्या तपासण्यांचे सगळे कागद एका पिशवीत, झेरॉक्ससकट घ्यावेत. सरकारी योजनेतून उपचार मिळवताना पहिल्याच खिडकीवर तेच मागतात.

बीडहून रस्त्याने मुंबई सुमारे 400 किलोमीटर. एसटी असो वा ट्रॅव्हल्स, रात्री निघाले की पहाटे पोहोचता येते. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. ट्रॅव्हल्सने जाताना उतरायचे ठिकाण तिकीट काढतानाच पक्के करावे. ‘मुंबई’ एवढेच सांगून भागत नाही: वाशी, चेंबूर, सायन, दादर ही सगळी वेगळी ठिकाणे आहेत आणि पहाटे चुकीच्या जागी उतरले की पुढचा खर्च वाढतो. अंबाजोगाई-केजकडच्यांना लातूरहून सुटणारी रात्रीची मुंबई गाडी सोयीची, माजलगाव-गेवराईकडच्यांना जालना किंवा परभणी. 17 सप्टेंबर 2025 ला बीड-अहिल्यानगर रेल्वे सुरू झाल्याने खुद्द बीड शहरही अखेर रेल्वेच्या नकाशावर आले.

शहरात फिरायचे तर लोकल समजून घ्यावीच लागते. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून विरारकडे जाते, मध्य रेल्वे सीएसएमटीहून ठाणे-कल्याणकडे, आणि हार्बर सीएसएमटीहून वाशी-पनवेलकडे. पश्चिम आणि मध्य यांची गाठ दादरला पडते, मध्य आणि हार्बरची कुर्ल्याला. दादरला एकाच क्रमांकाचे दोन-दोन फलाट असल्याने पूर्वी नवखा माणूस हमखास चुके. डिसेंबर 2023 पासून पश्चिमेकडचे 1 ते 7 आणि मध्यचे 8 ते 14 असे सलग क्रमांक झाले, ही मोठी सोय. फलाटावरच्या इंडिकेटरवर शेवटचे स्थानक, वेळ, डबे किती आणि गाडी जलद की धीमी एवढे वाचावे. जलद गाडी मधली बरीच स्थानके सोडते. परळला उतरायचे तर धीमी धरणे सुरक्षित. सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांत लहान मुले आणि सामान घेऊन शिरूच नये. गर्दीत उतरायचे असेल तर आधीच्या स्थानकापासून दाराकडे सरकावे लागते, आणि उतरण्याची बाजू कोणती हे शेजारच्याला विचारले की तो सांगतो. रविवारी मेगाब्लॉक असतो, त्या दिवशी गाड्या कमी धावतात. ऑक्टोबर 2025 पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली आहे. सिद्धिविनायक, दादर, सीएसएमटी, चर्चगेट ही स्थानके तिच्यावर असल्याने नवख्यांना ती लोकलपेक्षा सोपी जाते. रिक्षा मात्र वांद्रे आणि सायनच्या पुढे दक्षिणेत चालत नाहीत. तिथून टॅक्सी किंवा बेस्टची बस.

दक्षिण टोकाचा दिवस भरगच्च जातो: 1888 साली पूर्ण झालेली आणि 2004 पासून जागतिक वारसा असलेली सीएसएमटीची इमारत, वस्तुसंग्रहालय, 1924 चे गेटवे, मरीन ड्राइव्ह. गेटवेहून घारापुरीला लाँच जाते, तासभर लागतो. सोमवारी लेणी बंद असतात. राणीची बाग बुधवारी बंद.

मराठवाड्यातून येणाऱ्याला सर्वांत अनोळखी असते ती भरती-ओहोटी. समुद्र दिवसातून साधारण दोनदा चढतो, दोनदा उतरतो, आणि भरतीची वेळ रोज जवळपास पाऊण तासाने पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी अधिक चढते. हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीत पाण्याखाली जाते, म्हणून तिथे ओहोटीची वेळ पाहूनच निघतात. विहिरीत, तलावात पोहणाराही जुहूच्या पाण्यात फसतो: गुडघाभर पाण्यात उभे असताना परतणारी लाट पायाखालची वाळू ओढते. पावसाळ्यात पाण्यात उतरूच नये, आणि जीवरक्षकाची शिट्टी ऐकताच मुलांना बाहेर काढावे.

पावसाचे मानही निराळे आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. बीडला अख्ख्या वर्षात सरासरीने तेवढा पडत नाही. जून ते सप्टेंबर टाळून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने निवडावेत. मात्र 6 डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीला लाखो अनुयायी येतात. त्यांच्यासोबत जायचे असेल तर ठीक, एरवी त्या दिवसांत दादरचा मुक्काम ठेवू नये. परतीची गाडी संध्याकाळची असेल तर त्या दिवशी तिसऱ्या प्रहरानंतर काहीच ठरवू नये. सामान घेऊन गाडीच्या थांब्यावर तासभर आधी पोहोचावे, कारण वाहतूक कोंडीत सापडलेली टॅक्सी किती वेळ घेईल हे मुंबईकरालाही सांगता येत नाही.