काठावरची साखर आणि बारीक अंग

आमच्या बचत गटातल्या एक ताई, वजन 41 किलो. शिबिरात रक्त तपासलं तर तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, 6.1 निघाली. 5.7 ते 6.4 ही काठावरची साखर, 6.5 पासून पुढे मधुमेह. कोणीतरी सांगितलं, भाकरी कमी करा, रात्रीचं जेवण सोडा. ताईंनी ऐकलं. दीड महिन्यात तीन किलो गेले आणि खुरपता खुरपता भोवळ आली.

साखर फक्त जाड बाईला होते, असं आम्हीही समजत होतो. पण जेवणानंतर रक्तात आलेली साखर ओढून घेण्याचं मोठं काम आपले स्नायू करतात. स्नायूच कमी, तर साखर ठेवायला जागा कमी. बारीक बाई उपाशी राहिली की स्नायू आणखी झिजतात. म्हणजे ताईंनी खायचं जास्तच होतं, फक्त काय ते बदलायचं होतं.

सकाळचा चहा-खारी बंद. त्याऐवजी दोन उकडलेली अंडी, म्हणजे सुमारे 12 ग्रॅम प्रथिनं. अंडी न खाणारीने मोड आलेली मटकी आणि दही घ्यावं. मधल्या वेळी मूठभर भाजलेले शेंगदाणे. दोन्ही वेळा भाकरी आहेच, पण सोबत घट्ट वरण किंवा उसळ. आमच्याकडच्या आमटीत डाळ शोधावी लागते, ती नको! रात्री बिनसाखरेचं दूध. वजनाच्या दर किलोला साधारण एक ग्रॅम प्रथिनं धरली, तर एवढ्यात भागतं. वजन वाढवायला केळं-साखर घातलेलं दूध किंवा गुळाचे लाडू मात्र नकोत. गूळही साखरच.

“दिवसभर राबतो, वर व्यायाम कशाला?” यावर बैठकीत चांगलीच वादावादी झाली. राबल्याने दमणूक होते, पण ओझं रोज तेवढंच असतं. स्नायू वाढायला भार हळूहळू वाढवावा लागतो. एक दिवसाआड खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, असं तीनदा. जमू लागलं की हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. भिंतीला हात टेकून जोरही काढा. शिवाय जेवणानंतर दहा मिनिटं चाला.

तीन महिन्यांनी ताईंचं वजन अडीच किलोने वाढलं, साखर 5.8 आली. सगळ्यांना असंच होईल असं नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. वजन आपोआप उतरत असेल, तहान आणि लघवी वाढली असेल, तर तीन महिने थांबू नका, लगेच दाखवा. आणि अंगात रक्त कमी असेल तर एचबीएवनसीचा आकडा चुकू शकतो. म्हणून सोबत हिमोग्लोबिन आणि उपाशीपोटीची साखरही तपासून घ्या. ती 100 ते 125 असली तर काठावरची.