किरणांची पारख

तिफण रानात घालण्याआधी शेतकरी काय करतो? चाड्यात मूठभर दाणे टाकतो. सगळ्या नळ्यांतून दाणे सारखे पडतात ना, ते बघतो. एखादा नळा तुंबला असेल तर मोकळा करतो. मगच पेरणीला लागतो. आपल्या दिंडोरी तालुक्यातले द्राक्षबागाईतदारही तसेच करतात. फवारणीआधी पंपात साधे पाणी घालून नोझल तपासतात. औषध जेथे पडायला हवे तेथेच पडले पाहिजे, आणि हवे तेवढेच पडले पाहिजे.

कर्करोगावर किरणांचा उपचार करतात. तेथेही अशीच पारख करावी लागते. ती कशी करतात, ते आज आपण पाहू.

आतून दिलेले किरण

कर्करोग म्हणजे कॅन्सर. बायकांना होणारा एक कर्करोग गर्भाशयाच्या तोंडाशी होतो. पाळी नसताना रक्त जाते. पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसते. नवराबायकोच्या संबंधानंतर रक्त जाते. घाण वासाचे पाणी जाते. अशी खूण दिसली तर लाजू नये. लगेच डॉक्टरांकडे जावे. हा रोग लवकर कळला तर बरा होऊ शकतो.

रोग थोडा वाढला असेल तर किरणांनी उपचार करतात. खेड्यात लोक त्याला शेक म्हणतात. पण यात भाजत नाहीत, आणि विजेचा झटकाही देत नाहीत. किरण डोळ्यांना दिसत नाहीत. ते रोगाच्या पेशी मारतात.

किरण दोन तऱ्हांनी देतात. आधी बाहेरून देतात. त्याला बहुधा पाच आठवडे लागतात. आठवड्यातले पाच दिवस जावे लागते. मग आतून देतात. त्यासाठी भूल देऊन किंवा दुखू नये असे औषध देऊन गर्भाशयात पोकळ नळ्या बसवतात. नळ्यांचे दुसरे टोक एका यंत्राला जोडतात. यंत्रात एक बारीक तार असते. तारेच्या टोकाला इरिडियम नावाच्या धातूचा कण असतो. तो तांदळाच्या दाण्याहून लहान असतो. अणुभट्टीत ठेवून त्याला किरण टाकणारा बनवलेले असते.

यंत्र तार पुढे सारते. कण नळीतून आत जातो. ठरलेल्या जागी काही सेकंद थांबतो. पुन्हा थोडा सरकतो, पुन्हा थांबतो. काही मिनिटांत काम होते. मग तार मागे येते आणि कण यंत्रातल्या जड पेटीत परत जाऊन बसतो. बाईच्या अंगात काहीच राहत नाही. म्हणून अशा बाईजवळ बसायला, तिच्या हातचे खायला, तिच्या मांडीवर नातवंड द्यायला मुळीच भिऊ नये.

एका मिलिमीटरचे मोल

कंदिलाजवळ पुस्तक धरा. अक्षर स्पष्ट दिसते. पुस्तक दुप्पट लांब न्या. प्रकाश निम्मा होईल असे वाटते. तसे होत नाही. तो चौथाईच उरतो. किरणांचेही तसेच आहे.

आता हिशेब करा. रोगाची जागा कणापासून 10 मिलिमीटरवर आहे. कण 2 मिलिमीटर लांब थांबला, तर रुपयातले सत्तरच पैसे किरण पोचतील. रोग शिल्लक राहील. उलट, कण तेवढाच जवळ थांबला तर दीडपटीहून जास्त किरण पडतील. शेजारी लघवीची पिशवी आहे, आतडे आहे. त्यांना इजा होईल. दोन मिलिमीटर म्हणजे किती? ज्वारीच्या दाण्याच्या जाडीएवढेही नाही. म्हणून कण नेमका कोठे थांबतो, आणि किती वेळ थांबतो, हे बाईला उपचार देण्याआधी तपासावे लागते.

न दिसणारे कसे दिसते?

किरण दिसत नाहीत. मग तपासायचे कसे? याची वाट 1895 साली जर्मनीत सापडली. रंटजेन नावाचे शास्त्रज्ञ अंधाऱ्या खोलीत प्रयोग करत होते. त्यांची नळी काळ्या पुठ्ठ्याने झाकलेली होती. तरी जवळचा एक पडदा चमकू लागला. पडद्यावर एका खास क्षाराचा लेप होता. न दिसणारे किरण त्या लेपावर पडले आणि त्यांचा दिसणारा प्रकाश झाला. त्याच किरणांना आपण आज एक्स-रे म्हणतो.

पुष्कळ वर्षे किरणांचे यंत्र फिल्मने तपासत आले आहेत. फिल्मवर नळी ठेवतात आणि कण आत सोडतात. जेथे कण थांबला तेथे काळा डाग पडतो. डागाची जागा मोजपट्टीने मोजतात. ही रीत चांगली आहे. पण फिल्मवर शेवटी सगळ्याची बेरीज दिसते. कण केव्हा आला, किती सेकंद थांबला, केव्हा हलला, हे तिच्यावरून नीट कळत नाही.

म्हणून आता प्रकाशाची रीत निघाली आहे. फिल्मच्या जागी चमकणारा पडदा ठेवतात. वर कॅमेरा लावतात. सगळे एका बंद, काळोख्या पेटीत असते. असे का? काजवा बघायचा तर कंदील विझवावा लागतो. हा प्रकाश काजव्यासारखाच मंद असतो. कण नळीतून सरकला की पडद्यावरचा ठिपका त्याच्याबरोबर सरकतो. कॅमेरा एका सेकंदात पुष्कळ फोटो काढतो. संगणक ते फोटो बघतो आणि सांगतो : येथे थांबला, इतके सेकंद थांबला, मग पुढे गेला. हे ठरलेल्या आकड्यांशी ताडून पाहतात. जुळले तर ठीक. जुळले नाही तर यंत्र दुरुस्त होईपर्यंत उपचार थांबवतात.

जगात काही ठिकाणी या रीतीचा अजून अभ्यास चालू आहे. ती सगळ्या रुग्णालयांत पोचलेली नाही. जेथे ती नाही तेथे फिल्मने व इतर साधनांनी तपासतात. तपासणी मात्र सगळीकडे करावीच लागते.

तुर्भ्याचा निळा प्रकाश

काही वेळा पडदाही लागत नाही. पाणी स्वतःच प्रकाश देते. जोरदार किरणांमुळे पाण्यात फार वेगाने कण धावू लागले की निळसर उजेड पडतो. चेरेनकोव नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने 1934 साली तो नीट तपासला. मुंबईजवळ तुर्भे येथे 1956 साली भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. तिच्या पाण्यात असाच निळा उजेड दिसे. तिचे नाव पंडित नेहरूंनी अप्सरा ठेवले. ती जुनी भट्टी 2009 साली बंद झाली आणि 2018 साली तेथे नवी सुरू झाली. इरिडियमच्या कणाने पाण्यात पडणारा उजेड फारच मंद असतो. डोळ्याला तो दिसत नाही. चांगला कॅमेरा मात्र तो पकडतो.

ताकद आणि पहारा

प्रकाशाने जागा आणि वेळ कळते. कणाची ताकद वेगळी मोजतात. त्यासाठी विहिरीसारखे खोलगट साधन असते. कण त्यात सोडून मोजणी करतात. ही ताकद रोज थोडी घटते. 74 दिवसांत ती निम्मी होते. आज एका जागी 10 सेकंद थांबावे लागत असेल, तर 74 दिवसांनी 20 सेकंद थांबावे लागेल. काही महिन्यांनी कण बदलावाच लागतो.

हे सगळे बघणारा माणूस डॉक्टरांहून वेगळा असतो. त्याला फिजिसिस्ट म्हणतात. तुर्भ्याच्या अणुकेंद्रात 1962 पासून असे लोक शिकवून तयार करतात. किरणांच्या कामावर नजर ठेवण्यासाठी 1983 साली सरकारने अणुऊर्जा नियामक मंडळ नेमले. त्याच्या परवानगीवाचून रुग्णालयाला असे यंत्र चालवता येत नाही. मुंबईत परळला टाटा रुग्णालय आहे. ते 1941 साली सुरू झाले. 1962 पासून तेही अणुऊर्जा खात्याकडे आहे.

आपले काम

फिजिसिस्टने यंत्र पारखले. डॉक्टरांनी नळ्या नीट बसवल्या. पण बाई अर्ध्यातूनच घरी निघून आली तर? बाहेरचे किरण झाले की रक्त थांबते. बरे वाटते. घरात कामे पडलेली असतात. द्राक्षाची छाटणी आलेली असते. मग घरचे म्हणतात, आता पुरे. येथेच घात होतो. आतले किरण राहिले तर रोग पुन्हा उठतो. बाहेरचे आणि आतले मिळून सगळे किरण आठ आठवड्यांच्या आत पुरे व्हावेत, असे डॉक्टर सांगतात. म्हणून घरच्या माणसांनी तारखा लिहून ठेवाव्या. आपल्याला आता लिहिता येते. नवऱ्याने किंवा मुलाने बरोबर जावे. भीती वाटली तर विचारावे, "यंत्र आज तपासले का हो?" हे विचारण्यात काही गैर नाही. तिफण तपासल्यावाचून आपण तरी कोठे पेरतो?

आठवून सांगा

1. इरिडियमचा कण उपचारानंतर कोठे जातो?
2. कण 2 मिलिमीटर चुकला तर काय होते?
3. कॅमेरा काळोख्या पेटीत का ठेवतात?
4. सगळे किरण किती आठवड्यांत पुरे व्हावेत?