उपेक्षित कोण: मूल की त्याचे घर?

नागोठणे आणि रोहा यांच्या मधले स्थानक निडी. या पेण-रोहा पट्ट्यातील कातकरी वाड्या दसरा-दिवाळीनंतर रिकाम्या होऊ लागतात. घेतलेली उचल फेडण्यासाठी कुटुंबे वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. मूल बरोबर नेले तर शाळा सुटते, मागे ठेवले तर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर राहते. अशा मुलाची आईबापांनी हेळसांड केली असे म्हणायचे काय?

१९८६ च्या बालन्याय कायद्यात ‘उपेक्षित’ हा शब्द होता. २००० च्या कायद्याने त्याजागी ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ असे म्हटले. २०१५ च्या कायद्यानुसार मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आहे. पांढरपेशा मन मात्र अजून जुन्याच शब्दाशी अडले आहे. ते आईबापांची नीती तपासते, भट्टीमालकाची वही तपासत नाही. २०२२ साली इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले किरकोळ रकमेसाठी मेंढपाळांकडे राबायला दिल्याचे उघड झाले, एक मुलगी दगावली तेव्हा. ‘पोटचे पोर विकले’ अशी हळहळ झाली. घराला ती रक्कम मोठी का वाटली, हे फार थोड्यांनी विचारले.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती-रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, अशी भूमिका घेतली होती. मूल वाढवणे हे एकट्या घराचे ओझे नव्हे, हा विचार आपल्या चळवळीला परका नाही.

राज्याची बालसंगोपन योजना त्याच दिशेची आहे. २०२३ मध्ये तिला सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले गेले आणि रक्कम ११०० वरून दरमहा २२५० रुपये झाली. पण ती प्रामुख्याने अनाथ, एक पालक गमावलेल्या, पालक दुर्धर आजारी असलेल्या मुलांसाठी आहे. आईबाप दोघे हयात, धडधाकट आणि कर्जबाजारी असतील तर त्यांचे मूल तिच्यात सहज बसत नाही. घर मोडल्यावर मदत येते, मोडण्याआधी नाही. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी निघालेली हंगामी वसतिगृहे मला म्हणूनच अधिक शहाणपणाची वाटतात. तिथे आईबाप गेले तरी मूल आपल्या गावात जेवते, शाळेत जाते.

आपल्या वस्त्यांत मारझोड नाही, दारू नाही, लैंगिक अत्याचार नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. तिथे गरिबीची ढाल चालणार नाही. लैंगिक अत्याचार कळल्यावर पोलिसांना कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे, आणि १०९८ हा क्रमांक प्रत्येक शिक्षकाला पाठ असावा.

उरलेले काम कागदांचे आहे. एखाद्या विधवेच्या मुलासाठी अर्ज करायचा तर उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाइड, आधार, रेशनकार्ड, बँकखाते हे सारे भट्टीचा ट्रक वाडीवर येण्याआधी तयार लागते. भट्टीवर तहसील कचेरी नसते.