वर्गणी भरा, पावती घ्या, हिशेब विचारा

गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो, "ताई, आम्ही गटात बचत भरतोच. मग संघटनेची वर्गणी आणखी वेगळी कशाला?" प्रश्न रास्त आहे. आज त्यावरच बोलू.

आधी एक लक्षात घ्या, बचत आणि वर्गणी एक नाही. बचत आपल्या नावावर राहते, तिच्यावर कर्ज मिळतं. वर्गणी परत मिळत नाही. ती संघटना चालवण्यासाठी असते. पावतीपुस्तक, जागेचं भाडं, जिल्ह्याच्या खेपा, वकिलाची फी हे सगळं त्यातून होतं.

मग मिळतं काय? पुण्यातल्या कचरा वेचणाऱ्या बायांनी १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी केली. पूर्वी त्यांच्याकडे चोर म्हणून बघितलं जायचं. संघटनेनं ओळखपत्र दिलं आणि महापालिकेनं ते मानलं. पुढे २००८ मध्ये त्यांच्याच 'स्वच्छ' सहकारी संस्थेनं घरोघरचा कचरा गोळा करायचा करार महापालिकेशी केला. एकट्यादुकट्या बाईशी महापालिकेनं करार केला असता का?

आता वर्गणी किती असावी? कामगार संघटनांचा जुना कायदा १९२६ चा होता. त्यात २००१ च्या दुरुस्तीत ग्रामीण मजुरांसाठी किमान वर्गणी ठरली होती वर्षाला १ रुपया. संघटना त्याहून जास्त ठरवू शकते. समजा, २०० जणींनी वर्षाला ५० रुपये दिले, तर १०,००० रुपये जमतात. एकीच्या ५० रुपयांत तालुक्याची एक खेपही जेमतेम होते. २०० जणींच्या पैशांतून वर्षभर पाठपुरावा होऊ शकतो.

पण खरा खर्च ५० रुपयांवर थांबत नाही. सभेला गेलं की दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं. म्हणून सभा बाजाराच्या दिवशी किंवा संध्याकाळी गावातच ठेवा, असा आग्रह धरा.

काही जणी म्हणतात, "मजुरी वाढली तर ती सगळ्यांनाच मिळणार, मग मी कशाला भरू?" खरं आहे, न भरणारीलाही वाढ मिळते. पण प्रत्येकीनं असंच म्हटलं, तर वाढ मागायला जाणार कोण?

तरी डोळे झाकून पैसे देऊ नका. चार गोष्टी बघा. पावती मिळते का? सभासद नोंदवहीत आपलं नाव चढलं का? वर्षातून एकदा सभेत हिशेब वाचला जातो का? पदाधिकारी सभासदांनी निवडलेत का? नोंदणी झालेल्या कामगार संघटनेची हिशेबवही बघायचा सभासदाला हक्क आहे. हिशेब मागितला म्हणून कोणी रागावलं, तर तिथं वर्गणी भरण्याआधी दहादा विचार करा.

आणि हिशेब चोख असेल, तर वर्गणी वेळेवर भरा. पैसे भरणाऱ्या बाईचा सभेतला आवाजही खणखणीत असतो.