भोपळा, कासरा आणि विहिरीचं पाणी

कडू भोपळा वेलीवरच वाळू द्यायचा. देठ सुकला, साल लाकडासारखी टणक झाली आणि हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की तो उतरवायचा. देठाजवळ बारीक भोक पाडून गर आणि बिया काढायच्या, उन्हात पुन्हा वाळवायचा आणि भोक लाखेनं किंवा मेणानं बुजवायचं. असे दोन भोपळे सुंभानं एकमेकांना बांधले की झाली सांगड. पाच लिटर पाणी मावेल एवढा भोपळा पाण्यात बुडवू गेलं, तर स्वतःचं वजन वजा जाता चार किलोंच्या आसपास उचल देतो. लहान मुलाचं तोंड पाण्याबाहेर ठेवायला एवढा आधार पुष्कळ झाला. एकेकाळी महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांचा पोहण्याचा पहिला गुरू हा भोपळा होता.

इथं थोडं आडवाटेला जातो. हाच भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यात पिकतो आणि मिरजेला जातो. तिथले कारागीर त्याचा तंबोरा करतात, सतार करतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. मिरजेत छताला टांगलेले भोपळे मी पाहिले, तेव्हा सुरांच्या आधी मला विहीर आठवली. आत कोंडलेली हवा एका ठिकाणी षड्ज घुमवते, दुसऱ्या ठिकाणी पोर तरंगवते. भोपळा नसेल तिथं पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा पाठीला बांधत, नंतर तेलाचा पत्र्याचा डबा आला, मग ट्रकची ट्यूब, आणि आता प्लास्टिकचा कॅन.

मुळशी तालुक्यातल्या रिहे खोऱ्यात मी बरीच वर्षं हिंडतो आहे. भाताची खाचरं, ओढे, भोवतीचे डोंगर, आणि पावसाळ्यात चारी बाजूंनी पाणीच पाणी. पुण्याहून आणि हिंजवडीहून लोक याच पाण्यासाठी इकडे येतात. मी मात्र इथल्या साठी-सत्तरीच्या माणसांना एकच प्रश्न विचारत आलो, ‘पोहायला कुठं शिकलात?’ रिह्यात आणि आसपासच्या वाड्यांत त्याचं उत्तर ठरलेलं असतं: विहिरीत. कुणी शिकवलं? चुलत्यानं, नाहीतर थोरल्या भावानं. आणि त्यानंतर प्रत्येक जण जी हकीकत सांगतो, तिच्यातले टप्पे इतके सारखे असतात की कुणी अभ्यासक्रम छापून वाटला होता की काय असं वाटावं.

हंगाम चैत्र-वैशाखाचा. पाणी खाली गेलेलं, ऊन कडक, शाळेला सुट्टी. पोराच्या कमरेला कासरा बांधायचा आणि दुसरं टोक काठावर बसलेल्या मोठ्या माणसाच्या हातात. पाठीला दोन भोपळे. पहिले दिवस नुसतं पाण्यात राहायचं, दगडी पायरी धरून पाय मारायचे. मग पायरी सोडायची. आठवड्यानं एक भोपळा निघायचा, पोराला न सांगता दुसरा सैल केला जायचा. शेवटी फक्त कासरा उरायचा, आणि तोही ढिला. पोर गटांगळी खायला लागलं की काठावरचा माणूस लगेच ओढत नसे. दोन क्षण वाट पाहायचा, ‘हात खाली मार, वर नको’ म्हणून ओरडायचा आणि मग ओढायचा. हे सगळं जमल्यावरच मुटके आणि वरच्या थारोळ्यावरून सूर. एका आजोबांनी सांगितलं की त्यांच्या चुलत्यानं आधी विहिरीतून वर चढायला शिकवलं, मग पोहायला. कोणत्या कपारीत पाय द्यायचा, कोणता दगड निसरडा, पावसाळ्यात पाणी चढल्यावर कोणती पायरी पाण्याखाली जाते, सगळं. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. पाण्यात जायच्या आधी बाहेर येण्याची वाट पाठ असणं, हा धडा शहरातल्या तरणतलावांवर मला क्वचितच दिसला.

विहिरीच्या या शाळेत उणिवा होत्या, हेही सांगायला हवं. पोराला सरळ ढकलून देणारे महाभाग होते आणि त्या धसक्यानं जन्मभर पाण्याला घाबरलेली माणसं मला भेटली आहेत. ढकलणं हे शिकवणं नव्हे. पण जिथं रीतसर शिकवलं जात होतं तिथं तीन गोष्टी पक्क्या होत्या. पहिल्या दिवसापासून खोल पाणी. एका पोरामागं एक जागं मोठं माणूस. आणि वेगाआधी तरंगणं.

तरंगण्याबद्दल जरा विस्तारानं सांगतो, कारण माझा सगळा जीव तिथं आहे. फुप्फुसं हवेनं भरलेली असली तर बहुतेक माणसांचं शरीर पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं. किंचितच. म्हणजे शरीराचा अगदी थोडा भाग पाण्याबाहेर राहू शकतो. तो भाग कोणता असावा एवढं ठरवणं आपल्या हाती असतं. उताणं पडून, कान पाण्यात बुडू देऊन, हनुवटी वर केली तर बाहेर राहतं ते नाक-तोंड. घाबरून दोन्ही हात वर उचलले, तर बाहेर राहतात ते हात, आणि नाक-तोंड खाली जातं. बुडणारी माणसं हात वर करून हाका मारतात हे सिनेमातलं चित्र आहे. अमेरिकी जीवरक्षक फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्यांच्या चित्रफितींचा अभ्यास करून दाखवलं की खरोखर बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, त्याला ओरडायला श्वासच नसतो. तो उभ्यानं पाणी दाबत राहतो, तोंड वरखाली होतं आणि मिनिटाभराच्या आत सगळं संपू शकतं. म्हणून पाण्यात खेळणारं मूल अचानक गप्प झालं तर ताबडतोब बघावं. आणि म्हणूनच मुलाला पहिल्यांदा फ्रीस्टाइल शिकवण्याचा आग्रह मला पटत नाही. आधी उताणं तरंगणं, मग श्वास, मग जागच्या जागी उभं पोहणं, मग पंधरा-वीस मीटर कसंही हातपाय मारून काठ गाठणं. शैली नंतर आयुष्यभर सुधारता येते.

जगाचे आकडे थोडक्यात देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार 2021 मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून मेली, त्यांतली जवळजवळ पाव हिस्सा पाच वर्षांखालची मुलं होती. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडं 2022 मध्ये बुडून झालेले 38 हजारांहून अधिक मृत्यू नोंदले गेले. संयुक्त राष्ट्रांनी 2021 पासून 25 जुलै हा दिवस बुडण्याच्या प्रतिबंधासाठी नेमला, आणि आपल्या केंद्र सरकारनं 2023 च्या डिसेंबरात त्यासाठी राष्ट्रीय आराखडा जाहीर केला.

आता खोऱ्याकडं परत येतो. मोटा गेल्या, पंप आले, नळयोजना आल्या, आणि मुलांचं विहिरीशी रोजचं नातं तुटलं. शिकवणारे चुलते नोकरीला कंपन्यांत गेले. पाणी मात्र कुठं गेलेलं नाही. मुळशीत शेतघरं आणि रिसॉर्ट वाढली, त्यांचे निळे तलाव वाढले, आणि त्यांच्या कडेला लहान मुलाला अडवील असं कुंपण फारच थोड्या ठिकाणी असतं. चार फूट उंचीचं, आपोआप मिटणाऱ्या फाटकाचं कुंपण तलावाच्या चारी बाजूंनी हवं. शेतघर भाड्यानं घेणाऱ्यानं जेवणात काय आहे याच्या आधी हे विचारावं, असं माझं मत आहे.

पण मला जास्त धास्ती वाटते ती शेततळ्याची. रिह्याच्या या पावसाळी बाजूला ती कमी दिसतात, पण नाशिक, अहिल्यानगर, सोलापूर, पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग इथं ती जागोजाग आहेत. पाणी मुरू नये म्हणून तळाला आणि उतारांना प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. ओला झाल्यावर त्यावर शेवाळ धरतं आणि तो उतार इतका निसरडा होतो की पोहता येणारा मोठा माणूसही हातापायांनी वर चढू शकत नाही. पोर चेंडू काढायला वाकतं, घसरतं, त्याला काढायला आई उतरते, आईला काढायला आणखी कुणी. इथं पोहणं पुरेसं नाही. चारी बाजूंनी जाळीचं कुंपण, आणि आत उतारावरून पाण्यात सोडलेले जाड दोर, दर हातावर गाठ मारलेले, वर खुंटाला पक्के बांधलेले. जुन्या ट्यूब एकमेकींना बांधून शिडीसारख्या सोडल्या तरी चालतं. एवढ्याशा खर्चानं जीव वाचतो.

आणि मुली. विहिरीच्या त्या हकीकती मी ऐकत गेलो तसं माझ्या लक्षात आलं की सांगणारे जवळजवळ सगळे पुरुष आहेत. त्याच घरातल्या आज्यांना विचारलं तर त्या म्हणायच्या, ‘आम्हाला कोण शिकवणार, आम्ही काठावर धुणं धुवायचो.’ म्हणजे पाण्याच्या सर्वांत जवळ रोज जी होती, तिलाच पाण्यात उतरायला शिकवलं नाही. याची किंमत आपण अजून मोजतो आहोत. 2022 च्या मे महिन्यात भोर तालुक्यात भाटघर धरणाच्या पाण्यात पाच तरुण स्त्रिया बुडाल्या. पुढच्याच वर्षी, 15 मे 2023 ला, खडकवासल्याच्या काठी गोऱ्हे खुर्द इथं नऊ मुली पाण्यात सापडल्या. जवळच्या गावकऱ्यांनी उड्या मारून सात जणींना वाचवलं, दोघी गेल्या. धरणाच्या काठाचा तळ सारखा उतरत नाही. गुडघाभर पाण्यात एक पाऊल पुढं टाकलं की एकदम पुरुषभर खोली लागू शकते, कारण खाली जुन्या नदीचं पात्र किंवा गाळ-मुरूम काढलेला खड्डा असतो. म्हणून मी म्हणतो की गावात शिकवायला सुरुवात करायची असेल तर मुलींपासून करावी, आणि सलवार-कुर्त्यातच करावी. नेदरलँड्समध्ये मुलांना पोहण्याचं प्रमाणपत्र मिळवताना अंगावर कपडे घालून पोहावं लागतं. पाण्यात माणूस पडतो तो पोहण्याच्या पोशाखात पडत नाही, हे त्यांनी ओळखलं.

वाहत्या पाण्याचा कायदा वेगळा. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते उभे होते तिथं पाणी थोडं होतं, वर डोंगरात पाऊस पडत होता. मुळशीतले ओढेही असेच आहेत. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला यायला लागला, आवाज बदलला की मागं फिरायचं, फोटो राहिला तरी चालेल. गुडघाभर वेगवान पाणी धट्ट्याकट्ट्या माणसाचा पाय उचलतं. बंधाऱ्यावरून पाणी पडतं त्याच्या पायथ्याशी तर पाणी गोल फिरत राहतं आणि धरलेल्याला सोडत नाही, तिथं पट्टीचा पोहणाराही उतरत नाही.

वाचवण्याची रीतसुद्धा मुलांना शिकवायला हवी. बुडणाऱ्याकडं उडी मारायची नाही. काठी पुढं करायची, साडी किंवा ओढणी फेकायची, दोरी बांधलेला रिकामा पाच लिटरचा कॅन फेकायचा. आडवं पडून, दुसऱ्यानं पाय धरून मगच हात द्यायचा. बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, पोट दाबणं, खांद्यावर टाकून पळणं, हे सगळं बंद व्हायला हवं. त्यानं पोटातलं पाणी आणि अन्न फुप्फुसात जातं आणि मोलाची मिनिटं जातात. श्वास नसेल तर 108 ला फोन लावायला सांगून आधी तोंडानं पाच श्वास द्यायचे, मग छातीवर तीस दाब आणि दोन श्वास, मदत येईपर्यंत.

कुणी म्हणेल, खेड्यात तरणतलाव कुठून आणायचा? बांगलादेशानं तो आणला नाही. तिथल्या ‘स्विमसेफ’ कार्यक्रमात गावच्या तळ्यातच बांबूचा मंच बुडवून बांधला, पोरं उभी राहतील एवढ्या खोलीवर, आणि चार ते बारा वर्षांच्या मुलांना गावातलेच प्रशिक्षित तरुण-तरुणी शिकवू लागले. पंचवीस मीटर पोहणं, तरंगणं, काठावरून वाचवणं, एवढंच. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की शिकलेल्या मुलांत बुडून मरण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटलं. जपाननं 1955 साली ‘शिउन मारू’ ही बोट बुडाल्यावर धडा घेतला. 168 माणसं गेली, त्यांतली शंभर सहलीला निघालेली शाळकरी मुलं होती. त्यानंतर जपानी शाळांमधून पोहण्याचे तलाव झपाट्यानं वाढले.

आपल्याकडं गुणवत्ता नाही असं कोण म्हणेल? इस्लामपूरजवळच्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले, पाण्यात उपचार घेता घेता जलतरणपटू झाले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला त्यांनी भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण आणलं. पुण्याचा रोहन मोरे ‘ओशन्स सेव्हन’मधल्या सातही सामुद्रधुन्या पोहून गेला. पण त्यांच्यासारखे निघावेत म्हणून मी हे लिहीत नाही. मला हवं आहे ते एवढंच, की रिह्याच्या शाळेतल्या पाचवीच्या प्रत्येक मुलीनं एक मिनिट उताणं तरंगावं.

त्यासाठी काय काय लागेल याचा अंदाज मी गावात बसून घेतला आहे. एक बांधीव, पायऱ्यांची विहीर, जिचं पाणी स्वच्छ आहे आणि मालकाची लेखी संमती आहे. पाण्यात तीन फुटांवर बांबूचा मंच. दोर, कॅन, चार जीवरक्षक जाकिटं. शिकवायला गावातल्याच दोन तरुण मुली, पुण्यात रीतसर प्रशिक्षण घेऊन आलेल्या, आणि काठावर कासरा धरायला आधी विहिरीतून वर चढायला शिकलेले ते आजोबा, जे अजून तयार आहेत. एका वेळी सहा मुलं, त्याहून एकही जास्त नाही. परीक्षा संपल्यावर सुरुवात, सकाळी आठ ते दहा. आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की मंच बाहेर, विहिरीला जाळी आणि वर्ग पुढच्या चैत्रापर्यंत बंद.